भयकथा वाचून क्लॅटचं इंग्रजी सुधारेल का?

प्रश्न: मुलगी अकरावी कला शाखेत आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिला वकील व्हायचंय, क्लॅट ही कायद्याच्या शिक्षणाची प्रवेश परीक्षा देणार आहे. क्लासने इंग्रजी शब्दांची भलीमोठी यादी दिलीय, ती तिच्याच्याने पाठ होत नाही. त्याऐवजी एडगर ॲलन पोच्या जुन्या भयकथा वाचत बसते आणि म्हणते, यातूनही शब्द शिकतेच आहे. हे खरं की पळवाट? (एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर)

ताई, नमस्कार.

मुलीचं म्हणणं खरं आहे, फक्त वाचायची पद्धत बदलावी लागेल. क्लॅटमध्ये दोन तासांत 120 प्रश्न असतात. इंग्रजीसाठी साधारण 450 शब्दांपर्यंतचे उतारे देतात आणि उताऱ्यातला शब्द तिथे कोणत्या अर्थाने आलाय, लेखकाला काय सुचवायचंय, असं विचारतात. त्यामुळे यादी पाठ होत नाही म्हणून तिच्यामागे लागू नका.

पोची ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’ ही 1846 ची कथा घ्या. सूड घ्यायला निघालेला माणूस पहिल्याच परिच्छेदात आपला बेत सांगतो. शिक्षा करायची, पण ‘विथ इम्प्युनिटी’, म्हणजे आपल्या केसालाही धक्का न लागता. त्याच परिच्छेदात ‘प्रिक्लूड’, म्हणजे शक्यताच उरू न देणं, आणि ‘रिट्रिब्युशन’, म्हणजे केल्या कर्माची शिक्षा, हे शब्द येतात. ‘अनरिड्रेस्ड’, म्हणजे दाद न मिळालेला, हाही तिथेच आहे. सरकारी कार्यालयातल्या ‘ग्रीव्हन्स रिड्रेसल’च्या पाटीवरचा ‘रिड्रेस’ तो हाच. पहिल्या वाक्यातली ‘इन्ज्युरी’ नीट बघायला सांगा. ती जखम नव्हे, झालेला अन्याय आहे. भारतीय न्याय संहितेतही या शब्दात शरीर, मन, प्रतिष्ठा आणि मालमत्ता यांना बेकायदेशीरपणे पोचवलेली कुठलीही हानी येते. कायद्याकडे जाणाऱ्या मुलीला एका परिच्छेदात एवढं देणारी यादी मला तरी माहीत नाही.

आता पद्धत. पहिल्यांदा कथा डिक्शनरीला हात न लावता सलग वाचायची, अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ तेवढी मारायची. दर शब्दाला मोबाईल उघडला की गोष्टीतली भीती जाते आणि भीतीबरोबर शब्दही विसरतो. दुसऱ्या वाचनात रेघा मारलेल्यांपैकी आठ-दहाच शब्द निवडायचे. शंभर नवे शब्द उतरवलेली वही पुन्हा उघडली जात नाही. वहीत आधी कथेतलं अख्खं वाक्य, मग स्वतःचा अंदाज, मग डिक्शनरीतला अर्थ आणि शेवटी आजच्या बातमीवरचं स्वतःचं वाक्य. मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे: ‘इम्प्युनिटी’समोर एक मराठी शब्द लिहून मोकळी होतात. मग तो ‘विथ’ घेऊन येतो हेच लक्षात राहत नाही आणि निबंधात चुकीचा बसतो. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने अर्थ झाकून वाक्य वाचायचं.

सुरुवात ‘द टेल-टेल हार्ट’पासून करू दे. 1843 ची ही कथा छोटी आहे, वाक्यंही तुटक आहेत. मी वेडा नाही, हे पटवून देताना सांगणारा माणूस स्वतःच उघडा पडतो. तो काय म्हणतो आणि त्यातून काय सिद्ध होतं, हे दोन रकान्यांत लिहायला लावा. उताऱ्यावरच्या अनुमानाच्या प्रश्नांना हाच सराव लागतो. त्यानंतर ‘कास्क’. ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ शेवटी ठेवा, त्यातलं पहिलं वाक्यच चार-पाच ओळींचं आहे. 1845 ची ‘द रेवन’ ही कविता मोठ्याने वाचायची. 18 कडव्यांची आहे, पण रोज दोनच. तिचा ठेका पक्का असल्याने कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते आपोआप कळतं.

जपायचं ते जुन्या इंग्रजीला. ‘रेवन’मधले ‘ऑमिनस’, ‘प्लॅसिड’, ‘डेकोरम’, ‘रेस्पाइट’ आजही चालतात. ‘क्वोथ’, ‘सर्सीस’, ‘नेपेन्थी’ समजले तरी पुरे, लिहायचे नाहीत. ‘सिंग्युलर’ पोकडे बहुधा विलक्षण या अर्थाने येतो, व्याकरणातल्या एकवचनाशी त्याचा संबंध नाही. पुढे ती ‘ड्रॅक्युला’कडे वळली, तर त्यातल्या व्हॅन हेल्सिंगची वाक्यरचना उचलू नये. तो परदेशी आहे, लेखकाने त्याला मुद्दाम मोडकं इंग्रजी बोलायला लावलंय.

पुस्तक संक्षिप्त नको. शालेय आवृत्त्यांत नेमके अवघड शब्दच गाळलेले असतात. ‘कास्क’च्या पहिल्या परिच्छेदात ‘इम्प्युनिटी’ नसेल तर ती प्रत परत ठेवा. या कथांवर आता कॉपीराइट नाही, मूळ मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

या कथांत अर्थसंकल्प, निवडणूक, पर्यावरण यांचे शब्द मिळणार नाहीत, आणि उतारे त्यावरही येतात. म्हणून रोज इंग्रजी दैनिकाचा एक अग्रलेख हवाच. घरी पेपर येत नसेल तर करवीर नगर वाचन मंदिरासारख्या वाचनालयात तासभर बसू दे. भयकथेला आठवड्याचे तीन दिवस, अर्धा-पाऊण तास पुरे. कायदा, तर्क आणि चालू घडामोडींचा वेळ त्यात जाता कामा नये.

क्लासची यादी टाकून देऊ नका. कथेत किंवा अग्रलेखात भेटलेल्या शब्दावर तिने यादीत खूण करावी. वर्षभराने बिनखुणेचे जे उरतील, तेवढेच बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत पाठ करायला सांगा.