वाचकांचे प्रश्न : प्रयोगशाळेतले शिकणे

प्रश्न : माझे विद्यार्थी अनुमापन (टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरे द्रावण थेंबाथेंबाने मिसळून त्याची तीव्रता मोजणे) बिनचूक करतात, पण त्यामागचे कारण सांगू शकत नाहीत. याचा अभ्यास कसा करावा? (एक प्राध्यापिका, म्हापसा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. ग्लासगो विद्यापीठातील रसायनशास्त्र-शिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९८२ सालच्या सहलेखनात मांडले होते की, उपकरणे, सूचना आणि नवी नावे एकाच वेळी समोर आली की कार्यस्मृतीवर (एका वेळी मनात माहिती धरून विचार करण्याच्या मर्यादित क्षमतेवर) ताण येतो आणि विद्यार्थी विचार बाजूला ठेवून कृतीच्या पायऱ्या तेवढ्या पार पाडतो. म्हणून केवळ जर्नल तपासून भागणार नाही. शंकूपात्रात फिकट गुलाबी छटा टिकते, म्हणजे अनुमापन संपल्याची खूण दिसते, त्या क्षणी जवळ उभे राहून ‘आता आत काय घडले?’ असे विचारावे आणि संमती घेऊन ते उत्तर, कोकणीत असो वा मराठीत, शब्दशः टिपावे. माझ्या मते गुणांपेक्षा ही टिपणे अधिक बोलकी ठरतील.