आधी लॉकर मोज, मग प्रयोग आख

अंतराळ स्थानकावर पहिला प्रयोग पाठवायचा म्हटलं की सगळं यंत्र स्वतःच बांधायचा मोह होतो. तो आवर. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २००१ पासून एक्सप्रेस रॅक आहेत, म्हणजे प्रयोग ठेवायची तयार कपाटं. एका रॅकमध्ये ८ लॉकर आणि २ ड्रॉवर. २८ व्होल्टची वीज, डेटा, यंत्र गार ठेवायला पाण्याची सोय, सगळं तयार मिळतं. तुझा प्रयोग त्या मापात बसव.

उष्णतेकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघ. तिथे गरम हवा वर जात नाही, कारण 'वर' असं काही नसतंच. जमिनीवर महिनोन्महिने गुमान चालणारा सर्किट बोर्ड तिथे पंख्याशिवाय स्वतःच्याच उष्णतेत भाजून निघू शकतो. पंखा लावलास की त्याची थरथर आली. स्फटिक वाढवणार असशील तर तीही मोज, आणि शेजारच्या लॉकरमधल्या पंपाची धर. रॅक सामायिक आहे, भाऊबंदकी आलीच!

द्रव सांडण्याची शक्यता असेल तर ग्लोव्हबॉक्स माग, म्हणजे हातमोजे बसवलेली बंद पेटी. जाड हातमोजे घालून तुझा इवलासा स्क्रू पकडता येतो का, हे आधी स्वतः करून बघ. अंतराळवीरांचा वेळ विजेपेक्षा दुर्मिळ. जे बटण जमिनीवरून दाबता येईल, ते त्यांच्यावर टाकू नकोस.