व्हाळातल्या दगडाखाली आता काहीच का सापडत नाही?

प्रश्न : आमचे गाव दोडामार्ग तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. लहानपणी घरामागच्या व्हाळातला (ओढ्यातला) कुठलाही दगड उलटला की खाली शेपटीला दोन-तीन केस असलेले चपटे किडे पळताना दिसत आणि कुर्ल्या (खेकडे) तर हमखास मिळत. गेल्या काही वर्षांत वरच्या उतारावरचे जंगल जाऊन तेथे काजू आणि रबराच्या बागा आल्या. व्हाळाला पाणी आजही आहे, ते दिसायला स्वच्छ आहे, वर कोणता कारखाना नाही की गटार नाही. तरीही दगडाखाली आता फारसे काही नसते. बागा झाल्या तरी तीही झाडेच ना? मग फरक कशाने पडला?

उत्तर : आपण पाहिलेल्या किड्यांपैकी तीन केसांचे ते बहुधा मेफ्लायचे पिल्लू असावे आणि दोन केसांचे, पायाच्या टोकाला दोन-दोन नख्या असलेले, ते स्टोनफ्लायचे. यांच्या जोडीला कॅडिसफ्लायच्या अळ्या असतात. त्यांतल्या कित्येक वाळूचे कण किंवा पानांचे तुकडे रेशमाने जोडून अंगाभोवती नळी तयार करतात. या तिन्ही गटांचे बहुतेक आयुष्य पाण्याखालीच जाते. पंख फुटलेला मेफ्लाय काही तास, फार तर दोन-चार दिवस जगतो. त्यामुळे पाणी स्वच्छ आहे की नाही हे ठरवताना आपली कसोटी आणि त्यांची कसोटी वेगळी पडते. आपण पाणी पारदर्शक आहे का ते पाहतो. त्यांना दगडाखाली शिरायला फट, श्वासाला पुरेसा ऑक्सिजन, खायला पान आणि सोसवेल इतकेच तापमान लागते. बाग होताना या चारही गोष्टींना धक्का बसतो.

सर्वांत मोठा घाव बहुधा मातीने घातला असावा. जंगलात पावसाचा थेंब आधी पानांवर, मग पाचोळ्यावर पडतो आणि हळूहळू जमिनीत मुरतो. बाग लावण्यासाठी उतार मोकळा केला, जेसीबीने पायऱ्या आणि रस्ते काढले, दरवर्षी बेणणी (गवत-झुडपांची तोडणी) करून झाडांखालची जमीन उघडी ठेवली, की कोकणातला जून-जुलैचा पाऊस तांबडी माती थेट व्हाळात आणून टाकतो. मोठ्या लोंढ्याने वरवरची माती पुढे वाहून जाते आणि दिवाळीपर्यंत पाणी पुन्हा नितळ दिसू लागते, परंतु बारीक गाळ दगडांच्या सांदीत बसलेला असतो. दगड हाताने सहज उचलला जात नाही, चिखलात रोवल्यासारखा लागतो, ही त्याची खूण आहे. ज्या फटींत हे किडे लपत, अंडी घालत आणि पावसाळ्यातल्या पुरापासून वाचत, त्या फटीच मग उरत नाहीत. मेफ्लायच्या पिल्लांचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना पातळ पापुद्र्यांसारखे असतात. त्यांवर गाळ बसला की श्वास घेणे अवघड होते. कुर्ल्यांचेही काहीसे असेच आहे. त्यांच्या कमी होण्यामागे अतिरेकी पकड हे कारण असू शकते, हे मात्र नाकारता येणार नाही.

दुसरी गोष्ट अन्नाची. दाट सावलीतल्या डोंगरी ओढ्यात ऊन पोचत नाही, त्यामुळे शेवाळ फार वाढत नाही, आणि तिथल्या जीवांचे बरेचसे अन्न काठावरच्या झाडांवरून पडलेल्या पानांतून येते. पान पाण्यात पडले की आधी त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात, पान मऊ पडते, मग काही किडे आणि आपल्याकडे कुर्ल्याही ते कुरतडतात. त्यातून सुटणारे बारीक कण खालच्या प्रवाहात जाळी विणून बसलेल्या अळ्यांना मिळतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात कोवीटा येथील संशोधन केंद्रात एका लहान ओढ्यावर बारीक जाळी ताणून तीन वर्षे पाने पडूच दिली नाहीत. तेव्हा पाने खाणारे किडे घटलेच, शिवाय त्यांच्यावर जगणारे शिकारी किडेही घटले. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग आजही मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो, कारण त्यात पाण्याला कुणी काही केले नव्हते, फक्त पाने अडवली होती. मिश्र जंगलात निरनिराळ्या झाडांची पाने वर्षभर थोडी थोडी पडत राहतात. रबराची पानगळ मात्र थंडी सरताना जवळजवळ एकदमच होते. आपला ‘तीही झाडेच ना’ हा प्रश्न म्हणून रास्त असला, तरी ओढ्याला झाडांची संख्या पुरत नाही, त्यांची विविधता आणि काठापासूनचे अंतर महत्त्वाचे ठरते.

सावली गेली की तापमान वाढते आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्रसपाटीच्या आसपास 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9.1 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना सुमारे 7.5. पाणी तापले की याच किड्यांची ऑक्सिजनची गरज वाढते, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या क्षीण प्रवाहात ही तूट अधिकच जाणवते.

एका गोष्टीकडे बागायतदारांनी विशेष लक्ष द्यावे. काजूला पालवी आणि मोहोर येतो तेव्हा ढेकण्या या किडीवर फवारणी होते आणि नेमका तोच काळ व्हाळाचे पाणी ओसरण्याचा असतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके जलकीटकांना अत्यल्प प्रमाणातही घातक असतात. व्हाळात पंप धुणे किंवा उरलेले द्रावण ओतणे हे तर सरळ विष घालणेच होय.

मात्र ‘जंगल म्हणजे समृद्ध ओढा आणि शेती म्हणजे ओसाड ओढा’ असे सरधोपट समीकरण मांडू नये. कर्नाटकातील कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानातील ओढ्यांच्या काठी कोणता जमीनवापर आहे आणि पाण्यात कोणते कीटक आहेत, याचा अभ्यास के. ए. सुब्रमण्यन, के. जी. शिवरामकृष्णन आणि माधव गाडगीळ यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला. निमसदाहरित जंगलातल्या ओढ्यांत सर्वाधिक विविधता आढळली आणि खुरट्या झुडपांच्या व लोहखाणीच्या परिसरातल्या ओढ्यांत सर्वांत कमी, इथपर्यंत अपेक्षेप्रमाणेच होते. पण वस्ती आणि सुपारीच्या बागा असलेल्या काठांची विविधता सदाहरित जंगल आणि नैसर्गिक गवताळ काठांपेक्षा जास्त निघाली. गवताळ रानातले ओढे मुळातच कमी विविधतेचे होते आणि त्यांतला जीवसमूह भातशेतीतल्या ओढ्यांशी मिळताजुळता होता. म्हणजे आपल्याकडच्या सड्यावरच्या (उघड्या कातळ-पठारावरच्या) ओढ्याची तुलना राईतल्या ओढ्याशी करून तो बिघडला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शिवाय एकूण प्रकार किती यासोबत कोणते प्रकार राहिले, हेही पाहावे लागते.

प्रश्न : आमच्या ओढ्यात पूर्वीपेक्षा हिरवे शेवाळ, गोगलगायी आणि लालभडक अळ्या वाढल्या आहेत. जीवसृष्टी वाढली असे समजावे का?

उत्तर : संख्या वाढली असेल, पण ती चांगली खूण नव्हे. ऊन आणि खतांतून आलेले नायट्रोजन व फॉस्फरस यांमुळे शेवाळ वाढते आणि त्यावर चरणाऱ्या गोगलगायींचे फावते. लाल अळ्या न चावणाऱ्या चिलटांच्या असतात. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असल्यामुळे जेथे इतरांना गुदमरते अशा कमी ऑक्सिजनच्या गाळातही त्या तग धरतात. दगडाखाली स्टोनफ्लाय नाहीत आणि गाळात लाल अळ्याच अळ्या, असे चित्र दिसले तर वरच्या बाजूला काय चालले आहे ते पाहायला हवे.

शाळेतील मुलांना घेऊन हे पाहता येते. पावसाळ्यानंतर प्रवाह स्थिरावला की, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, जिथे पाणी दगडांवरून खळखळते अशा जागी मुठीएवढे दहा दगड अलगद उचलून पांढऱ्या ताटात धुवावेत, वेगळे दिसणारे प्रकार मोजावेत आणि दगड होते तसेच परत ठेवावेत. जवळच्या देवराईतून वाहणारा झरा असेल तर तेथेही त्याच दिवशी हेच करावे. तुलनेला त्याहून चांगली जागा मिळणार नाही.

प्रश्न : काठावर पुन्हा झाडे लावली तर किडे किती वर्षांत परततील?

उत्तर : काहींना पंख असतात, ते शेजारच्या चांगल्या ओढ्यातून लवकर येतात, पण तसा ओढा जवळपास शिल्लक असला पाहिजे. पश्चिम नॉर्थ कॅरोलिनातील 24 लहान पाणलोटांच्या 1998 मधील अभ्यासात तेव्हाच्या ओढ्यांतील कीटक आणि माशांची विविधता 1990च्या दशकातल्या जंगलापेक्षा 1950च्या दशकात तेथे शेती होती की जंगल, यावरून अधिक चांगली ओळखता आली. जंगल परत आले होते, पण शेतीच्या काळातला परिणाम, बहुधा साचलेला गाळ, गेला नव्हता. आपल्या प्रचंड पावसात गाळ लवकर वाहून जाईल अशी आशा ठेवता येते, मात्र वरून नवी माती येत राहिली तर त्या आशेला अर्थ नाही. म्हणून झाडे लावण्याआधी उघड्या उताराची माती अडवावी, बागेतली बेणणी काठाशी थांबवावी आणि काठावर आपोआप उगवणारी झुडपे तोडू नयेत. लावायचीच तर जांभूळ, करंज, वाळुंज अशी काठाला सवयीची झाडे मिसळून लावावीत. जेथे जुना काठ अजून शाबूत आहे, तेथे मात्र कोयता न लावणे हेच सर्वांत स्वस्त पडेल.