वाचकांचे प्रश्न : नुसता 'ळ'चा 'य' केल्याने वऱ्हाडी होत नाही

प्रश्न (ठाणे) : हौशी नाट्यस्पर्धेसाठी बसवलेल्या आमच्या नाटकात अकोल्याकडचा शेतकरी आहे. नटाने 'ळ'चा 'य' अगदी घोटून घेतला, तरी विदर्भातले प्रेक्षक म्हणाले, 'हे वऱ्हाडी नाही.' काय चुकलं?

उत्तर : बहुधा उच्चार बदलले आणि क्रियापदं पुणेरीच राहिली. 'मला कशाला सांगतोयस?' याचं वऱ्हाडी 'मले कायले सांगून रायला?' असं होतं. त्यात 'ळ' कुठेच नाही, तरी वाक्य अस्सल वऱ्हाडी आहे. म्हणून आधी 'करून रायलो', 'जाऊन रायली' ही चालू काळाची रूपं आणि 'ला'च्या जागी येणारा 'ले' (मले, तुले, अकोल्याले) पक्के करा. उच्चार त्यानंतर. डोया, काया, जवय म्हणणारा शेतकरी 'पाणी' म्हणत नाही, 'पानी' म्हणतो. एकाच वाक्यात 'य' आला आणि 'ण' तसाच राहिला, की तिथला कान लगेच अडखळतो.

दुसरी चूक सरमिसळीची. गावाकडचं सगळं बोलणं एकच समजून कोल्हापूरकडचं 'जेवायलोय' आणि नागपुरातलं 'बे' एकाच पात्राच्या तोंडी घातलं जातं. 'बे' बरोबरीच्याला किंवा लहानाला चालतं, वडीलधाऱ्याला म्हटलं तर तो अपमानच.

तालमीसाठी वऱ्हाडी बोलणारी व्यक्ती शोधा, पण तिच्याकडून संहिता वाचून घेऊ नका. हातात कागद आला की कुणीही पुस्तकी मराठीकडे सरकतं. प्रसंग तोंडी सांगा, 'अशा वेळी तुम्ही काय म्हणाल?' असं विचारा आणि येईल ते रेकॉर्ड करा. लेखकाची संमती घेऊन संवाद त्याबरहुकूम बदला. वाक्याच्या शेवटचा हेल सर्वांत शेवटी बसवा. आधी बसवला तर नट नुसता हेल काढतो आणि नक्कल वाटते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणंही ऐकायला हवीत.

प्रश्न (सांगली) : मुलगी 'मी आलो', 'मी जातो' म्हणते म्हणून पुण्यातल्या मैत्रिणी टोकतात. हे अशुद्ध आहे का?

उत्तर : नाही. कोल्हापूर-सांगलीकडे बायका स्वतःबद्दल बोलताना अशीच रूपं वापरतात, आणि त्यालाही नियम आहे : 'मी आलो', पण 'तू आलीस', 'ती आली'. शेजारच्या कन्नडमध्येही 'मी'च्या क्रियापदाला लिंगभेद नसतो. परीक्षेत आणि अर्जात 'आले', 'जाते' लिहावं. मैत्रिणींशी बोलताना बदलायचं काही कारण नाही.

प्रश्न (नाशिक) : धुळ्याकडची आजी 82 वर्षांची आहे. तिची अहिराणी जपून ठेवायची आहे. रेकॉर्डिंग कसं करावं?

उत्तर : लवकर करा. फोन विमान मोडवर, पंखा बंद, फोन तोंडापासून साधारण वीतभर दूर, दुमडलेल्या टॉवेलवर. एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाइल निवडा. एकाच चॅनेलची असेल तर मिनिटाला साधारण 5 एमबी जागा लागते. एका बैठकीत 20 ते 30 मिनिटं पुरे.

'याला अहिराणीत काय म्हणतात?' असं विचारू नका, सुटे शब्द हाती लागतील आणि बोली निसटेल. खापरावरचे मांडे कसे करायचे, पेरणी कशी व्हायची, असं काही तिला सांगायला लावा. समोर अहिराणीच बोलणारी बाई बसवा, हे फार महत्त्वाचं. नातवाशी बोलताना आजी नकळत शाळेतल्या मराठीवर येते.

प्रत्येक फाइलसोबत तारीख, सासरचं गाव आणि माहेरचं गाव लिहा. माहेर राहून गेलं तर तिच्या बोलण्यातली कुठली लकब कुठून आली हे पुढे कळत नाही. उतरवून घेताना 'शे'चं 'आहे' करू नका, 'रामना'चं 'रामचा' करू नका. हा 'ना-नी-नं' फार मोलाचा आहे. ग्रिअर्सन या भाषातज्ज्ञाने ब्रिटिश काळात केलेल्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात खानदेशी (अहिराणी तिच्यातच येते) मराठीच्या 7व्या खंडात नाही, ती भिल्ली बोलींसोबत 9व्या खंडात आहे. जनगणनेतही ती मराठीपासून वेगळी मोजली जाते. प्रगणक घरी आला आणि मातृभाषा विचारली, की आजीला स्वतः उत्तर देऊ द्या. ती 'अहिराणी' म्हणाली तर तेच लिहिलं आहे ना, हे तिथेच पाहून घ्या.