समता कशाची, हे आधी ठरवा

न्यायाचे समतावादी सिद्धान्त धोरणांना लावून पाहण्याचे काम तुम्ही नव्यानेच हाती घेतले आहे, म्हणून सुचवतो की, समता नेमकी कशाची, हा अमर्त्य सेन यांनी १९७९ मध्ये विचारलेला प्रश्न आधी वहीत लिहून ठेवा. मग उन्हाळ्यात बीडकडच्या एखाद्या वाडीवर टँकरजवळ तासभर उभे राहा. माणशी लिटर सारखेच मंजूर असतात. पण टँकर विहिरीत रिकामा होतो, तरणी पोरे भराभर पोहरे ओढतात आणि एकटी राहणारी म्हातारी रिकामी घागर घेऊन काठावर थांबते. कागदावर वाटप समान असते, तिच्या पदरात मात्र पाणी पडत नाही.

अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचे भेदतत्त्व, म्हणजे विषमता सर्वांत वंचितांच्या हिताची असेल तरच समर्थनीय, हे समाजाच्या मूलभूत रचनेसाठी मांडलेले आहे. ते प्रत्येक शासन निर्णयाला जसेच्या तसे चिकटवू नका.

अनुशेषाबाबत, म्हणजे विकासात मागे पडलेल्या भागांच्या साचलेल्या तुटीबाबत, अधिक सावध राहा. महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात जिल्ह्यांची तूट राज्याच्या सरासरीशी ताडून मोजली आणि मराठवाड्याला तो हिशेब हवाच होता. पण जिल्हा म्हणजे माणूस नव्हे, त्यामुळे जिल्ह्याच्या वाट्याला आलेल्या सिंचनातून कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला आणि भूमिहीन ऊसतोड कुटुंबाला (माझ्या मते खरी कसोटी हीच) काय मिळाले, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. या दृष्टीने महाराष्ट्राचा रोजगार हमीचा १९७७ चा कायदा बारकाईने वाचा, कारण त्यात गरजू कोण हे अधिकाऱ्याने ठरवायचे नसून अंगमेहनतीचे काम मागणाऱ्यानेच ते सांगायचे असते.