वाचकांचे प्रश्न : टप्पा रद्द केला, पण डोंगरावरच्यांचं काय?

वळीव आणि पावसाळा या दोन्ही मोसमांतल्या माउंटन बाइक शर्यतींबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचा कोथरूडमधला सायकलवाल्यांचा गट मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवसांची शर्यत घेणार आहे. दुसरा टप्पा ३८ किलोमीटरचा, त्यातले ९ किलोमीटर सिंहगडाच्या बाजूच्या उघड्या डोंगरधारेवरून. विजांची शक्यता असेल तर टप्पा कधी रद्द करायचा आणि कोणी? सकाळी आभाळ स्वच्छ असतं, मग एकमत होत नाही.

एकमत होणारच नाही. पैसे भरून पहाटे चारला उठून आलेला माणूस निळ्या आभाळाखाली ‘रद्द’ हा शब्द ऐकून घेत नाही. म्हणून आकडे आधीच ठरवून नियमावलीत छापा, आणि ते आकडे ओलांडले की थांबवायचा अधिकार एकाच माणसाला द्या. त्या दिवशी हा माणूस स्वतः शर्यतीत उतरलेला नसावा. छोट्या गटांत नेमकं हेच होतं : सगळ्यांत जाणता जो असतो, तोच बिब (स्पर्धकाचा क्रमांक) लावून धारेवर असतो.

आता आकडे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांना वीज १० किलोमीटरवर. ३० किंवा त्याहून कमी आले की आसरा गाठायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडायचं नाही. क्रिकेटच्या मैदानावर हा नियम पुरतो, कारण पक्की इमारत दोन मिनिटांवर असते. तुमच्या धारेला दोन टोकांशिवाय उतरायला वाट नसेल, तर मधल्या स्वाराला साडेचार किलोमीटर कापायचे आहेत. खडकाळ वाटेवर त्याला अर्धा तास लागेल. निरोप पोचायला दहा मिनिटं धरा. ताशी ३० किलोमीटरने येणारं वादळ या ४० मिनिटांत २० किलोमीटर पुढे सरकतं. म्हणजे वीज १० किलोमीटरवर असताना थांबवणं म्हणजे उशीर झाला. तुमची सीमा ३० किलोमीटर. धारेच्या मध्यावरून खाली वाडीत उतरणारी एखादी गुरांची वाट साफ करून घेतलीत, तर हीच सीमा बरीच खाली येते. मार्ग पाहायला जाल तेव्हा चढ-उतारांपेक्षा या वाटा आधी शोधा.

इतक्या लांबची वीज डोळ्याकानांना कळत नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजा दाखवतं. ४०च्या वर्तुळात वीज दिसली की धारेच्या तोंडाशी नवे स्वार सोडणं बंद. वादळाचा रोख आपल्याकडे असेल तर वरच्यांना उतरवायला लगेच सुरुवात, २०ची वाट पाहायची नाही. ॲप पाहणारा माणूस नेटवर्क असलेल्या जागी बसवा आणि त्याला दुसरं कोणतंही काम देऊ नका.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा जिल्हानिहाय इशारा पाहा. ‘पुणे’ आणि ‘पुणे घाट’ असे इशारे वेगवेगळे येतात, तुमच्या मार्गाला लागू असेल तोच धरा. शिवाजीनगरात पडलेल्या पावसावरून ताम्हिणीचा अंदाज बांधता येत नाही. नारिंगी असेल तर धार वगळून पायथ्याचा पर्यायी मार्ग. लाल असेल तर रात्री आठच्या आत टप्पा रद्द, म्हणजे नाशिक-मुंबईचे लोक निघायच्या आत त्यांना कळेल. सकाळी तीन तासांपुरता येणारा तातडीचा अंदाज पुन्हा पाहा.

वळीव आपल्याकडे बहुधा दुपारनंतर येतो, कारण सकाळभर जमीन तापल्यावरच ढग उभे राहतात. सहाला सुटून शेवटचा स्वार अकराच्या आत धारेवरून उतरेल असं गणित बसवा. कॅलेंडरवर मात्र विसंबू नका : २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात दाखल झाला होता.

प्रश्न : शर्यत मध्येच थांबवली तर मार्गावर विखुरलेल्या स्वारांना नेमकं कसं आणायचं? (आयोजक, पिंपरी)

रद्द करणं एका वाक्याचं काम आहे. हे खरं काम.

मार्गाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यासाठी ‘पुढे’ की ‘मागे’ हे आधीच ठरवा. उतार लागलेल्याला परत चढवायचं नाही, चढावर असलेल्याला माथ्यावर जाऊ द्यायचं नाही. प्रत्येक मार्शलच्या, म्हणजे वाटेवर उभ्या केलेल्या स्वयंसेवकाच्या, गळ्यातल्या कार्डावर त्याच्या जागेपुरतं एकच वाक्य लिहा : ‘थांबवलं की इथून सगळे खाली शाळेत.’ आडोशाची ठिकाणं पक्की इमारत असलेली निवडा, किल्ली कोणाकडे आहे ते विचारून ठेवा. रविवारी शाळा बंद असते.

निरोप वायरलेसवर, ठरलेल्या शब्दांत, वेळेसकट, तीनदा. प्रत्येक मार्शलने आपला क्रमांक सांगून तो परत म्हणायचा. ज्याचा प्रतिसाद आला नाही, त्याच्याकडे माणूस पाठवायचा. पानशेतच्या पलीकडच्या दऱ्यांत मोबाइलवर भिस्त ठेवू नका. वॉकीटॉकीलाही मधला डोंगर आड येतो, म्हणून माथ्यावर एक निरोप्या लागतो. वादळात पहिल्यांदा उतरवायचा तोच असतो. त्याला उतरवल्यावर निरोप कसा जाणार, याची तालीम आदल्या आठवड्यात करून पाहा. बहुतेकांची योजना इथेच मोडते.

मग मोजणी. सुटलेले किती, वाटेतल्या प्रत्येक नोंदणी-ठाण्यावरून गेलेले किती, आडोशाला आलेले किती. ही नोंद शिसपेन्सिलीने करा. ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही आणि भिजलेल्या बोटांना मोबाइलचा पडदा दाद देत नाही. मोजणी चुकते ती बहुधा हरवलेल्या माणसामुळे नव्हे, तर न सांगता मित्राच्या गाडीतून घरी गेलेल्यामुळे. त्याच्यासाठी चार जण अंधारात डोंगर धुंडाळतात. म्हणून बाहेर पडणाऱ्याचा बिब काढून घ्यायचा. बिब हातात आला तरच तो माणूस ‘आला’. शेवटच्या स्वारामागे चालणारे दोन स्वीप खाली पोचले आणि बेरीज जुळली, की मगच मार्शल हलवायचे.

माणसं आधी, सायकली नंतर. टेम्पोत सायकली चढवण्यात अर्धा तास घालवून स्वारांना पावसात कुडकुडत ठेवलेलं पुष्कळदा दिसतं. एक जण राखणीला ठेवा, सायकली आडोशाला उभ्या करा, संध्याकाळी आणा.

आणि वारा विसरू नका. वळवात पावसाआधी सोसाट्याचा झोत येतो. शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान, मांडव, फ्लेक्स यांना तो पहिला धरतो. पहिल्या इशाऱ्यालाच कमानीची हवा काढा.

प्रश्न : मी मार्शल म्हणून उभी राहणार आहे. वीज कडाडायला लागली तर सायकल फेकून द्यावी असं सांगतात. खरं का? (विद्यार्थिनी, सिंहगड रोड)

सायकल आभाळातून वीज ओढून आणत नाही. पण जवळपास पडलेल्या विजेचा प्रवाह धातूतून चटकन वाहतो, म्हणून ती बाजूला ठेवून लांब व्हायचं. ‘रबरी टायर वाचवतात’ हा समज तेवढा मनातून काढून टाका. बंद पत्र्याची मोटार सुरक्षित असते ती प्रवाह बाहेरच्या पत्र्यावरून जातो म्हणून. रिक्षा, ट्रॅक्टर, दुचाकी यांत ते संरक्षण नाही. उघडं देऊळ, पत्र्याची शेड, तंबू, एकटं झाड, कपारीचं तोंड, हेही नको. धारेवरून खाली उतरा, घोळक्याने उभं राहू नका. एकमेकांत किमान १५ मीटर अंतर ठेवा. अंगावर केस उभे राहिले तर पाय जुळवून उकिडवं बसा, कान झाका. आडवं पडू नका. हा अगदी शेवटचा उपाय आहे, आसऱ्याला पर्याय नव्हे.

कोणावर वीज पडलीच, तर त्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावा. श्वास थांबला असेल तर १०८ला कळवून छातीवर दाब सुरू करा : मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. एकापेक्षा जास्त जण असतील तर निपचित पडलेल्याकडे आधी जा. ओरडणारा जिवंत आहे.

प्रश्न : नुसता पाऊस आणि चिखल असेल तर रद्द कशाला? एमटीबी (माउंटन बाइक) म्हणजे चिखलच ना! (बाणेर)

मुरमाच्या वाटेवर तुमचं म्हणणं मान्य. काळ्या मातीत नाही. ती टायर आणि फ्रेमच्या मधे थापली जाते, चाक फिरायचं थांबतं, स्वार तरी पेडल मारतो आणि मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) त्याला धरणाऱ्या हँगरसकट मोडून स्पोकमध्ये जातो. सायकल खांद्यावर आली की दोन तासांचा टप्पा चार तासांचा होतो, आणि सकाळी संपणारी शर्यत दुपारच्या ढगांत सापडते. चिखलाचा धोका असा वळसा घालून येतो. शिवाय वाटेत चर पडतात, शेताचे बांध तुटतात. पुढच्या वर्षी गावकरी वाट देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर असतं.

ब्रेक पाहा. पाणी आणि वाळू एकत्र आली की रेझिनचे पॅड लांब उतारावर झपाट्याने झिजतात. पावसाळी शर्यतीला सिंटर्ड, म्हणजे धातूमिश्रित पॅड घाला. पॅडचा मसाला (घासणारा थर) १ मिलिमीटरवर आला असेल तर सुरुवातीलाच बदला.

ओढ्याचं वेगळं आहे. जोरात वाहणारं १५ सेंटिमीटर पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलतं. आदल्या दिवशी ओलांडायच्या जागी दगडावर त्या उंचीला रंगाचा पट्टा मारा. पट्टा बुडाला की मार्ग बंद, चर्चा नाही. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर पाऊस झालाय.

जुलै-ऑगस्टच्या टप्प्याला त्या दिवसाचा पाऊस बघून भागत नाही, मागच्या तीन-चार दिवसांचा मिळून बघायचा. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात खचलेल्या डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं दगावली. पाणी पिऊन जड झालेल्या उताराखालून शर्यत नेऊ नये.

प्रश्न : पुण्यात थंडीने गारठून कोणी अत्यवस्थ होतं का? (पालक, औंध)

होतं. त्याला बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे, वारा आणि दमलेलं शरीर पुरतं. चीनमधल्या बाइयिन इथल्या १०० किलोमीटरच्या डोंगरी धावशर्यतीत २२ मे २०२१ रोजी हवामान एकाएकी पालटलं, पातळ कपड्यांतले २१ धावक गेले. तिथली उंची आणि थंडी आपल्याकडे नाही, पण क्रम तोच.

सायकलस्वारात पहिली खूण बोटांत दिसते : ब्रेकचा लिव्हर ओढला जात नाही. मग बोबडी वळते, साध्या प्रश्नाला असंबद्ध उत्तर येतं. काकडणारा माणूस अचानक शांत झाला तर बरं वाटलं असं समजू नका, ते बिघडल्याचं लक्षण आहे. ओले कपडे उतरवा, कोरडं घाला, वरून फॉइलची चादर, शुद्धीवर असेल तर गोड गरम चहा. हातपाय चोळू नका, दारू अजिबात नको. मुलाच्या पाठपिशवीत विंडचीटर आहे का ते सुटण्याआधी स्वतः उघडून पाहा.

प्रश्न : अर्ध्यात थांबलेल्या टप्प्याची वेळ कशी धरायची? पुढे असलेल्यावर अन्याय होतो. आणि प्रवेश शुल्क? (स्पर्धक, हडपसर)

२०१९च्या टूर द फ्रान्समध्ये २६ जुलैला १९वा टप्पा गारपीट आणि दरडीमुळे थांबवला. पंचांनी इझरां घाटमाथ्यावरच्या वेळा एकूण क्रमवारीसाठी धरल्या, टप्प्याचा विजेता जाहीरच केला नाही. एगान बेर्नाल त्या वेळांवर एकूण क्रमवारीत पहिला येऊन पिवळ्या जर्सीत आला. आपल्याकडे गट वेगवेगळ्या वेळी सुटतात, म्हणून ज्या ठाण्यावरून त्या गटातले सगळे गेलेत त्याच ठाण्याच्या वेळा धराव्यात. असं ठाणंच नसेल तर त्या गटापुरता टप्पा शून्य. हे प्रवेश अर्जात असेल तर भांडण होत नाही, नंतर ठरवलं तर कोणाचंच समाधान होत नाही.

शुल्काचंही तसंच. रुग्णवाहिका, वेळ नोंदवणारे चिपवाले, जेवण यांचे पैसे शर्यत झाली नाही तरी जातात, त्यामुळे पूर्ण परतावा क्वचितच मिळतो. किती टक्के परत ते अर्जावर नसेल, तर भरण्याआधी लेखी विचारा. त्याच वेळी रुग्णवाहिका किती आहेत हेही विचारा. एकच असेल आणि ती रुग्ण घेऊन गेली, तर दुसरी येईपर्यंत शर्यत थांबायला हवी, ऊन पडलेलं असलं तरी.