भांगेच्या फुलोऱ्यातील बुरशी : आलेल्या प्रश्नांना उत्तरे

या पंधरवड्यात परवानाधारक भांग उत्पादकांकडून जे प्रश्न आले, त्यांतले बहुतेक एकाच गोष्टीबद्दल आहेत. कुणी धाग्यासाठी पीक घेतो, कुणी बियांसाठी, तर कुणी औषधी फुलोऱ्यासाठी. काही जण पिकाला हेम्प म्हणतात, काही भांग. वनस्पती एकच आहे, फरक आतल्या नशा आणणाऱ्या रसायनाच्या प्रमाणाचा. बुरशीला त्या फरकाशी काही देणेघेणे नाही. त्यामुळे उत्तरे एकत्र देत आहे.

पहिला प्रश्न : “फुलोरा अचानक पांढरा दिसू लागला आहे. ही भुरी आहे की राळ? फवारणी कोणती घेऊ?”

सोबत आलेल्या चार फोटोंपैकी तीन मला निरोगी फुलोऱ्याचे वाटले. म्हणून फवारणीचा विचार करण्याआधी भिंग हातात घ्या. द्राक्ष बघायला वापरतो ते १० पटीचे भिंग इथे अपुरे पडते, ३० ते ६० पटीचे हवे. राळ म्हणजे फुलोरा स्वतःच तयार करतो ते चिकट द्रव्य; तिच्या ग्रंथी भिंगाखाली टाचणीसारख्या दिसतात: खाली देठ, वर काचेच्या मण्यासारखे गोल डोके. उजेडात त्या चमकतात आणि बोटाला चिकटतात. बुरशीला असा घाट नसतो. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले, कोळिष्टकासारखे आणि निस्तेज दिसतात. तिसरी शक्यता लाल कोळी या बारीक किडीची. त्याची जाळी बुरशीसारखीच वाटते, पण नीट पाहिले तर जाळीत हलणारे बारीक ठिपके दिसतात. त्याचा उपाय वेगळा आहे, बुरशीनाशक तिथे वाया जाते.

भुरी, म्हणजे पिठासारखी पसरणारी बुरशी, ओळखायची तर फुलोऱ्याकडे नाही, सावलीतल्या खालच्या पानांकडे बघा. पानाच्या वरच्या बाजूला पीठ सांडल्यासारखे गोल ठिपके पडतात. बोटाने पुसले तर जातात आणि काही दिवसांत पुन्हा येतात. पुष्कळांचा समज असा की पान ओले राहिले म्हणून भुरी आली. उलट, भुरीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी लागत नाही, साचलेले पाणी त्यांना मारकच ठरते. त्यांना हवी दमट हवा, दाटी आणि सावली. म्हणूनच पाने कोरडी ठेवणाऱ्या हरितगृहातही भुरी सुखाने वाढते.

लागण लवकर दिसली तर रोगट पाने काढून टाका आणि खालच्या भागातली दाटी कमी करा. पाण्यात विरघळणारे गंधक किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट ही दोन्ही स्पर्शजन्य औषधे चालतात, पण फक्त शाकीय वाढीच्या, म्हणजे फुलोरा येण्याआधीच्या, काळात आणि तुमच्याकडे या पिकासाठी त्यांना मान्यता असेल तरच. तापमान ३० अंशांच्या वर असताना गंधक फवारू नका. तेलयुक्त फवारणीच्या आगेमागे दोन आठवडे तर मुळीच नको, पाने भाजतात. फुलोरा धरला की गंधक बंद. ते फुलात अडकून राहते आणि मालाला वास लागतो.

एक गोष्ट ठासून सांगतो. भुरीसाठी मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक अनेकांच्या कपाटात पडलेले असते. ते या पिकावर वापरू नका. जो फुलोरा पुढे तापवून श्वासावाटे ओढला जातो, त्यातले हे औषध उष्णतेने फुटते आणि हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होतो. कॅनडात २०१६-१७ च्या सुमारास याच औषधाचे अंश सापडल्यामुळे परवानाधारकांचा माल बाजारातून परत मागवावा लागला होता. ‘द्राक्षाला चालते, मग इथे का नाही?’ या प्रश्नाचे हे उत्तर.

दुसरा प्रश्न : “मोठ्या तुऱ्याच्या मधलेच एक पान सुकले आहे, बाकी तुरा हिरवागार आहे. पाणी कमी पडले का?”

पाणी कमी पडले असते तर एकच पान सुकले नसते. ते पान हलकेच ओढून बघा. देठासकट अलगद हातात आले, तर तुऱ्याच्या पोटात करडी कूज सुरू झाली आहे असे धरून चाला. तुरा उघडला की मधली काडी तपकिरी आणि मऊ पडलेली दिसेल, तिच्याभोवती राखाडी लव असेल. ही बॉट्रायटिस सिनेरिया नावाची बुरशी. द्राक्षाचे घड, स्ट्रॉबेरी, गुलाब, कांदा अशा शेकडो पिकांवर ती जगते, त्यामुळे तिचे बीजाणू हवेत कायम असतातच. ‘माझ्या शेतात बुरशी आली कुठून?’ याचा शोध घेण्यात फारसा अर्थ नाही. तिला ओलावा किती तास मिळाला, हे विचारायला हवे.

हे तास बहुधा रात्री मिळतात. संध्याकाळी हवा २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर यंत्र बघून माणूस निश्चिंत होतो. पण त्याच हवेत रात्री पारा १७ अंशांच्या आसपास उतरला की दव पडायला लागते. पाण्याचा एक थेंबही वाढलेला नसतो, हवा फक्त गार झालेली असते. पहाटे तुऱ्याच्या बाहेरचे दव ऊन लागून उडते, आतले उडत नाही. तुरा जितका घट्ट आणि वजनदार, तितका तो आतून दमट. ज्या तुऱ्याचा फोटो आपण अभिमानाने काढतो, तोच सर्वांत आधी सडतो. करड्या बुरशीला साधारण १७ ते २४ अंशांचे तापमान आवडते, म्हणजे फुलोरा पक्व होण्याच्या दिवसांत मिळते तेच.

दुसरे दार अळी उघडून देते. बोंडअळी तुऱ्यात शिरते, आत खाते आणि तिथेच विष्ठा टाकते. जखम, ओल आणि अन्न एकाच जागी मिळाल्यावर बुरशीला आणखी काय हवे? तुऱ्यावर काळपट दाणेदार विष्ठा दिसली तर तेवढा तुरा उघडून पाहाच. अळीचा बंदोबस्त फुलोऱ्याआधी झाला तर कुजीचे निम्मे कारण तिथेच संपते.

कुजलेला तुरा दिसला की आधी त्यावर पिशवी चढवा, मग कापा. उघडा तुरा हलवला की बीजाणूंचा धूर उडतो आणि शेजारच्या झाडांवर बसतो. डोळ्यांना दिसणारी कूज संपते तिथे तंतू संपत नाहीत, म्हणून कूज दिसते त्याच्या खाली निरोगी काडीचे दोन-तीन सेंटिमीटर घेऊन काप द्या. कात्री दर कापानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कापलेला भाग बांधावर टाकू नका, कंपोस्ट खड्ड्यातही नको. हे काम दव उडाल्यावर करा आणि त्या दिवशी निरोगी झाडांत पुन्हा हिंडू नका.

“राहिलेला अर्धा तुरा विकता येईल का?” असेही एकाने विचारले आहे. नाही. पूर्ण तुरा टाका. नुकसान जिवाला लागते हे मला कळते, पण अर्धा तुरा वाचवून पुढे साठवणीचे पूर्ण पिंप गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

“हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतले तर?” धुण्याने वरची बुरशी जाते, आतली जात नाही, आणि तुरा आणखी ओला होतो. फुलोऱ्यात आलेल्या करड्या कुजीवर कोणतीही फवारणी इलाज म्हणून चालत नाही. बॅसिलस सबटिलिससारखी जैविक औषधे मिळतात, त्यांचा उपयोग प्रतिबंधाला होतो आणि त्यासाठी ती आधी, वेळेवर द्यावी लागतात.

फवारणीपेक्षा जास्त काम करणाऱ्या गोष्टी साध्या आहेत. पाणी सकाळी द्या आणि ते मुळाशी द्या. फुलोऱ्याच्या काळात नत्राचा हात आखडता घ्या, नत्राने लुसलुशीत झालेली वाढ बुरशीला सोपी जाते. ओळींत एवढे अंतर ठेवा की वाऱ्याची झुळूक झाडाच्या मधून जाईल. हरितगृह असेल तर संध्याकाळी बंद करण्याआधी दमट हवा बाहेर काढा. थोडी उष्णता देऊन खिडक्या उघड्या ठेवणे हे इंधनाची उधळपट्टी वाटते, पण त्यानेच हवेतले पाणी बाहेर जाते. पंखे रात्री बंद करू नका. बुरशीचा कारभार रात्री चालतो आणि वीज वाचवण्यासाठी नेमके तेव्हाच पंखे बंद होतात.

आणि शेवटी कापणीचा निर्णय. पक्वतेला आठवडा उरला आहे, तुऱ्यांत कुजीची दोन-चार ठिकाणे सापडली आहेत आणि पुढचे तीन दिवस पाऊस सांगितला आहे. अशा वेळी मी कापणी करीन. थोडे वजन आणि थोडी राळ जाईल, ते परवडते.

तिसरा प्रश्न : “माल चार दिवसांत कुरकुरीत वाळला, बरण्यांत भरला, आता कुबट वास येतो. उन्हात पुन्हा वाळवू का?”

ताज्या फुलोऱ्याच्या वजनात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. चार दिवसांत बाहेरची पाने कुरकुरीत झाली, पण मधल्या काडीत पाणी तसेच राहिले. बरणी बंद केल्यावर ते पाणी आतून बाहेर पसरले आणि कुरकुरीत माल पुन्हा मऊ पडला. घाईने वाळवलेल्या मालाची ही नेहमीची खोड आहे. १५ ते २१ अंश तापमान, ५५ ते ६० टक्के आर्द्रता, अंधार आणि मालावर थेट न येणारा वारा, अशा खोलीत एक ते दोन आठवडे लागतातच. बारीक काडी वाकवल्यावर नुसती न वाकता कट्‌कन मोडली, तरच भरायला घ्या.

भरल्यावर प्रत्येक बरणीत किंवा पिंपात छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि २४ तासांनी वाचा. बंद भांड्यातील हवेची आर्द्रता मालातल्या पाण्याशी बरोबरीला येते, म्हणून हा आकडा हवेचा नसून मालाचा असतो. प्रयोगशाळा ज्याला जलसक्रियता म्हणते ती हीच: भांड्यात ६५ टक्के म्हणजे ०.६५. आकडा ५५ ते ६२ च्या दरम्यान असेल तर निर्धास्त राहा. ६५ च्या वर गेला तर त्याच दिवशी माल बाहेर काढून पसरा. झाकण उघडून ‘हवा देणे’ ही सवय चांगली, पण ७० टक्क्यांवरच्या मालाला त्याने काही फायदा होत नाही.

आता तुमच्या बरणीबद्दल. कुबट वास येतो म्हणजे बुरशी वाढून गेली आहे. उन्हात वाळवल्याने तिची वाढ थांबेल, पण बीजाणू आणि तिने सोडलेले विष मालातच राहील. साठवणीत येणाऱ्या ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरश्या बऱ्याचदा डोळ्यांना दिसतही नाहीत. ॲस्परजिलसच्या काही जातींचे अफ्लाटॉक्सिनसारखे विष साध्या उष्णतेने नष्ट होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, उदाहरणार्थ केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपण झालेले रुग्ण, त्यांच्या फुप्फुसांत हे बीजाणू गेले तर जिवावर बेतू शकते. औषधी माल अशाच रुग्णांकडे जातो. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या नियमांत ओढायच्या मालात ॲस्परजिलसच्या चार जातींचा अंशही चालत नाही. ती बरणी नष्ट करा. चांगल्या मालात मिसळून वास लपवण्याचा प्रयत्न करू नका. उघडताना एन-९५ मास्क घाला आणि वास घ्यायला नाक बरणीत खुपसू नका. ही सवय जवळपास प्रत्येकाला असते, मलाही होती.

चौथा प्रश्न : “धाग्याच्या पिकात काही झाडे मध्येच वाळली. खोडावर कापसासारखी बुरशी आणि आत उंदराच्या लेंडीसारखे काळे दाणे आहेत.”

हा स्क्लेरोटिनिया, पांढरी कूज. काळे दाणे हेच तिचे बियाणे आणि ते जमिनीत कित्येक वर्षे टिकते. रोगट झाडे दाणे सांडायच्या आत उपटून जाळा. पुढची काही वर्षे त्या तुकड्यात सूर्यफूल, सोयाबीन, घेवडा घेऊ नका, त्यांनाही हाच रोग होतो. तृणधान्य घ्या. पेर दाट असेल तर कमी करा.

त्याच शेतकऱ्याने पुढे लिहिले आहे की कापून पसरलेल्या काड्यांवर काळे-राखाडी ठिपके आले आहेत, ते कसे काढू. ते काढू नका. दवावर कुजवणी म्हणतात ती हीच. साल आणि काडी यांना जोडणारा चिकट भाग खाऊन धागा मोकळा करण्याचे काम या बुरश्याच करतात. काड्या अधूनमधून उलटा, म्हणजे खालची बाजू मागे राहणार नाही. साल काडीपासून सहज सुटू लागली की उशीर नको, पुढे त्याच बुरश्या धागाही खाऊ लागतात. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय गठ्ठे बांधू नका.